पन्नास ग्रॅमच्या अलीकडे

मुंबईत एमडी हा अमली पदार्थ विकणाऱ्या दोन टोळ्यांची गोष्ट सांगणाऱ्या एका मराठी चित्रपटाचा मी सहलेखक होतो आणि चित्रीकरणात प्रमुख सहायक दिग्दर्शकाचे कामही माझ्याकडेच होते. कमी खर्चाच्या चित्रपटात एका माणसाकडे एकच काम असणे ही चैन समजली जाते. निर्मितीखर्च एक कोटीच्या आत ठेवायचा हे आधीच ठरले होते, आणि टोळीयुद्धाच्या चित्रपटात जे जे महाग असते, म्हणजे गाड्यांचे पाठलाग, गोळीबार, दुबईतला सूत्रधार, समुद्रातली बोट, ते सगळे या अटीने पहिल्याच बैठकीत निकालात काढले. उरली ती माणसे, खोल्या, जिने आणि एक पांढरट पावडर. एवढ्या ऐवजावर प्रेक्षकाला दोन तास धरून ठेवायचे असेल तर त्या पावडरीशी संबंधित प्रत्येक गोष्ट बिनचूक असली पाहिजे, असे दिग्दर्शकाचे म्हणणे होते.

संहितेसाठी आम्ही टोळीवाल्यांना भेटायला गेलो नाही. तसे भेटून आल्याच्या फुशारक्या मारणारे लेखक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या संहितेत त्यांना भेटलेल्या माणसांपेक्षा त्यांनी पाहिलेले चित्रपटच जास्त दिसतात. आम्ही फोर्टातल्या सत्र न्यायालयात जाऊन बसलो. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखालचे खटले ऐकणारी विशेष न्यायालये तिथे आहेत, कामकाज खुले असते, आणि मोबाइल बंद ठेवून मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही. सुरुवातीला काहीच कळेना. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या फौजदाराला बचाव पक्षाचे वकील तासभर एकाच गोष्टीवरून छेडत होते: वजन पाकिटासकट केले की पाकीट रिकामे करून, काटा कुठून आणला, तो आणायला कोणाला पाठवले होते, काट्याची तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र कुठे आहे, आणि सील केल्यावर ते पितळी सील कोणाच्या ताब्यात होते. आरोपी, वय विशीच्या आतबाहेर, या सगळ्याकडे आपला काही संबंध नसल्यासारखा पाहत होता. पंच म्हणून आणलेल्या माणसाला त्या दिवशी आपण नेमक्या किती कागदांवर सह्या केल्या तेही आठवत नव्हते.

वजनावरून एवढी ओढाताण का, याचे उत्तर कायद्यात आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस, हा १९८५ चा. त्यात २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या वजनाला बांधली गेली. मेफेड्रोन, म्हणजेच बाजारातले एमडी, या कायद्याच्या यादीत २०१५ साली आले. दोन ग्रॅमपर्यंतचा माल ‘अल्प’ आणि पन्नास ग्रॅमच्या वरचा माल ‘व्यापारी’. अल्प मालाला जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्या पट्ट्यात दहा वर्षांपर्यंत, आणि पन्नासाच्या पुढे किमान दहा वर्षे सक्तमजुरी, कमाल वीस, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. शिवाय व्यापारी प्रमाणात सापडलेल्याला कलम ३७ मुळे जामीन मिळणे अतिशय अवघड. त्यातही भेसळीचा प्रश्न होता: चाळीस ग्रॅम मालात वीस ग्रॅम भलतेच काही मिसळलेले असेल तर वजन कोणते धरायचे? एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे.

तो निकाल आम्हाला एका वकील मित्राने चहा पिता पिता समजावून सांगितला आणि आमच्या चित्रपटाची गोष्ट तिथेच जुळली. आमच्या गोष्टीतली जुनी टोळी आपल्या पोरांना कधीच पंचेचाळीस ग्रॅमच्या वर माल देत नाही. पोरगा सापडला तरी काही महिन्यांत बाहेर येईल हा तिचा हिशेब असतो, आणि पोरांचा तिच्यावरचा विश्वासही त्या हिशेबावरच उभा असतो. नवी टोळी या पोरांना मारत नाही. ती जुन्या टोळीतला माल भरणारा माणूस फोडते, त्याच्याकडून पाकिटांत भेसळ करून वजन साठाच्या घरात नेते आणि मग खबऱ्यामार्फत पोलिसांना टीप देते. आपण पन्नासाच्या अलीकडे आहोत अशा समजुतीत निघालेला पोरगा पंचनाम्याच्या वेळी काट्यावरचे आकडे चढताना पाहतो. अख्खे टोळीयुद्ध एका वजनकाट्यावर खेळायचे, यापेक्षा स्वस्त युद्ध मराठी चित्रपटाला परवडले नसते.

निर्माते मात्र खट्टू झाले. ते वाहतुकीच्या धंद्यातले, हिशेबाला चोख आणि मनाने रसिक. संहितेचे वाचन संपल्यावर त्यांनी फक्त एवढेच विचारले, “सर, दोन टोळ्या म्हणता, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये गोळी एकच?”

“तीही हवेत, दादा,” दिग्दर्शक म्हणाला.

त्यांनी हिशेबाची वही उघडली, नकली पिस्तुले, गोळीबाराची योजना करणारी माणसे आणि स्टंटचा विमा यांच्यापुढे काहीच आकडे नाहीत हे पाहिले आणि विषय तिथेच सोडला.

पावडर बनवण्याचे काम कला-दिग्दर्शकाचे. एमडी मळकट पांढऱ्या बारीक खड्यांसारखी दिसते, त्यामुळे टाल्कम पावडर किंवा मैदा चालणार नव्हता. तो कॅमेऱ्यात लगेच मैद्यासारखाच दिसतो. पहिल्यांदा खडीसाखर जाडसर कुटून पाहिली. चाचणीच्या फ्रेममध्ये ती इतकी सुरेख दिसली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी काट्याचा जवळून शॉट घेताना पाकिटाच्या कडेने मुंग्यांची रांग लागली. (चित्रपटात प्राणी दिसला की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, मुंग्यांनाही लागते का, यावर सेटवर बराच वेळ गंभीर चर्चा झाली.) ग्लुकोज पावसाळी हवेत गोळा व्हायचा. शेवटी तुरटी कामाला आली. ती कुटली की खडे राहतात, दमट हवेत ग्लुकोजसारखी चिकट होत नाही, मुंग्या तिच्याकडे फिरकत नाहीत आणि किराणा दुकानात किलोने मिळते.

या तुरटीमुळेच चित्रपटातली एक मोठी उणीव दूर झाली. रात्रीच्या चित्रीकरणाला जाताना नाकाबंदीत आमची गाडी थांबवली गेली आणि मागच्या सीटवरच्या खोक्यात कागदाच्या पुड्या आणि छोटा डिजिटल काटा असा ऐवज निघाला. चित्रीकरणाच्या परवानगीचे पत्र आमच्याकडे होते. हवालदारांनी ते सावकाश वाचले, मग एक पुडी उघडली.

“तुरटी आहे, साहेब,” कला-दिग्दर्शक म्हणाला. “शूटिंगसाठी.”

“ते दिसतंय. पण पुडी कसली बांधलीय? गर्दच्या जमान्यातला पिक्चर आहे का?”

“नाही, आजचाच.”

“मग झिपची पाकिटं घ्या की. सोनार कानातलं देतो ना, तसली. पुडी बांधत बसायला आता वेळ आहे का कुणाला?”

दुसऱ्या दिवशी झवेरी बाजारातून झिपच्या पाकिटांचे गठ्ठे आले. त्या पाकिटांमुळे न्यायालयात ऐकलेला पाकिटासकट वजनाचा प्रश्नही आपसूक दृश्यात आला. प्लास्टिकला स्वतःचे वजन असते आणि पन्नासाच्या काठावर उभ्या असलेल्या पोराच्या दृष्टीने त्या वजनालाही किंमत असते. आमच्या नायकाने वीस रिकामी पाकिटे एकदम काट्यावर ठेवून आकडा पाहण्याचे दृश्य त्यानंतर लिहिले गेले. त्यात एकही संवाद नाही, आणि माझ्या मते चित्रपटातले तेच सर्वांत बोलके दृश्य आहे.

चित्रीकरण पूर्व उपनगरांतल्या एका झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीत झाले. जुन्या योजनेतल्या तिथल्या खोल्या २२५ चौरस फुटांच्या. अशा खोलीत दोन नट, कॅमेरामन, बूम माइक धरणारा पोरगा आणि दिग्दर्शक एवढे मावले की मी जिन्यात उभा राहून कानात आवाज ऐकायचो. भिंती हलवता येत नाहीत, त्यामुळे दृश्याची रचना भिंतीच ठरवतात. नट कुठे उभा राहील याचा निर्णय बऱ्याचदा फ्रिज कुठे आहे यावर व्हायचा. बांधलेला सेट मिळाला असता तर काम सोपे झाले असते, पण त्या खोल्यांतली दाटी कुठल्याही सेटवर आली नसती, आणि टोळीचा म्होरक्या आपल्याच आईच्या डोक्यावरून हात लांबवून पाकिटे मोजतो हे दृश्य तर कोणाला सुचलेही नसते.

रात्रीच्या दृश्यांसाठी जनरेटर आणि मोठे दिवे आणणे परवडणारे नव्हते. आम्ही सोनीचा एफएक्स३ हा छोटा कॅमेरा वापरला. लॉग, म्हणजे उजेड-अंधाराचे जास्तीत जास्त तपशील राखणाऱ्या, पद्धतीच्या चित्रीकरणात त्याची कमी उजेडासाठीची दुसरी मूळ संवेदनशीलता १२,८०० आयएसओ आहे आणि तेवढ्यावर रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात माणसाचा चेहरा नीट दिसतो. अडचण वेगळीच निघाली. मुंबईतल्या रस्त्यांवरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे जाऊन आता बहुतेक ठिकाणी पांढरे एलईडी आले आहेत, आणि इमारतीच्या जिन्यातले स्वस्त एलईडी कॅमेऱ्यात लुकलुकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रीकरणात शटरचा कोन १७२.८ अंशांवर, म्हणजे प्रत्येक चौकट सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती उघडी, ठेवावा लागतो. त्यानेही न ऐकणारे काही दिवे आम्ही सरळ काढून आमचे बल्ब लावले आणि पॅकअपनंतर जुने पुन्हा लावून दिले. रहिवाशांनी आमचेच ठेवा म्हणून आग्रह धरला, तेव्हा तेही ठेवले.

इमारतीखालच्या कुत्र्यांसाठी एक स्वतंत्र माणूस नेमावा लागला. फ्रेममध्ये कुत्रे आले की पुढे कागदपत्रे आली, म्हणून हा पोरगा रात्रभर बिस्किटांचे पुडे घेऊन कुत्र्यांना इमारतीच्या मागच्या बाजूला रमवत बसायचा. सगळ्या युनिटमध्ये सर्वांत लोकप्रिय माणूस तोच होता. चित्रीकरण संपल्यावरही ती कुत्री त्याला शोधत गेटपाशी येत असत, असे तिथल्या वॉचमनने नंतर सांगितले.

सिगारेट आम्ही संहितेतूनच काढून टाकली होती. तंबाखूचे सेवन पडद्यावर दिसले की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्यविषयक चित्रफिती, शिवाय दृश्याखाली इशाऱ्याची पट्टी हे सगळे जोडावे लागते, आणि तणावाच्या क्षणी पडद्याच्या तळाशी अक्षरे उमटली की प्रेक्षक ती वाचू लागतो. नटाच्या हाताला काही तरी चाळा हवा होता, म्हणून जुन्या टोळीच्या म्होरक्याला आवळासुपारी दिली. ते काम करणारे ज्येष्ठ रंगभूमीवरचे नट त्या सुपारीवर इतके खूश झाले की संवाद कुठे तोडायचा हे ते सुपारीच्या चावण्यावरून ठरवू लागले, आणि ध्वनिमुद्रकाची झोप उडाली.

पंचनाम्याचे मुख्य दृश्य आम्ही वेळेत सुधारले ते एका नव्या कायद्यामुळे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक झाले. आमची गोष्ट आजची, त्यामुळे दृश्यात मोबाइल धरून उभा असलेला एक शिपाई आणावाच लागला. त्याने त्या दृश्यापुरते आमचे भलेच केले. पोराची झडती, एनडीपीएसच्या कलम ५० खाली राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती दिली जाण्याचा त्याचा हक्क त्याला वाचून दाखवणे, पाकिटांची मांडणी, लाखेचे सील, पंचांच्या सह्या हे सारे आम्ही अर्धे कॅमेऱ्याने आणि अर्धे खरोखरच त्या शिपायाच्या मोबाइलने टिपले. काट्यावरचा आकडा पन्नास ओलांडतो तो क्षण फक्त मोबाइलच्या उभ्या, किंचित हलत्या चौकटीत आहे. नटाच्या चेहऱ्याचा जवळचा शॉटही आम्ही घेऊन ठेवला होता. संकलकाने तो लावून पाहिला आणि काढून टाकला. मला विचाराल तर त्याने चित्रपट वाचवला.

टोळ्यांची प्रत्यक्ष मारामारी एकदाच आहे, तीही जिन्यात. फाइट मास्टरांनी रबरी चॉपर आणले होते आणि त्यांची इच्छा मोकळ्या मैदानाची होती, पण अरुंद जिन्यात हात मागे नेऊन वार करायला जागाच नसते आणि माणसे एकमेकांना धरून लोंबकळतात, हे त्यांनी स्वतः करून दाखवले तेव्हा सगळेच गप्प झाले. त्या दृश्यात पडद्यावर रक्त फारसे नाही. आवाज मात्र पुष्कळ आहेत, दारांच्या कड्या लागल्याचे.

प्रमाणपत्राचा टप्पा येईपर्यंत पैसे संपत आले होते, आणि कमी खर्चाच्या चित्रपटाच्या दृष्टीने प्रमाणपत्र हा नीतीपेक्षा हिशेबाचा विषय असतो. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या, प्रमाणपत्राचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही, आणि छोट्या मराठी चित्रपटाला चित्रपटगृहातून जे मिळत नाही ते वाहिनीकडून मिळण्याची आशा असते. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, आणि आमचा डोळा शेवटच्या भागावर होता. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यासोबत संवादांसह संहिता आणि कथासार द्यायचे, मग परीक्षण समिती चित्रपट पाहते आणि आपण बाहेर थांबायचे.

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे ६ डिसेंबर १९९१ ची आहेत आणि ती आम्ही संहिता लिहितानाच वाचली होती. अमली पदार्थांच्या व्यसनाला उत्तेजन देणारी, त्याचे समर्थन किंवा उदात्तीकरण करणारी दृश्ये नसावीत, तसेच गुन्हेगारांची कार्यपद्धती अशा रीतीने दाखवू नये की तिच्यापासून गुन्ह्याला चालना मिळेल, असे त्यांत स्पष्ट आहे. सेवनाचे एकही दृश्य आमच्या चित्रपटात नव्हते. कार्यपद्धतीचे काय, हा प्रश्न उरत होता, कारण आमचा अख्खा चित्रपटच वजन, भरणी आणि भेसळ यांवर उभा. समितीने आत बोलावले तेव्हा चर्चा नेमकी तिथेच आली. भेसळीच्या दृश्यात काय मिसळले आणि किती प्रमाणात, हे सांगणारे एक वाक्य होते. ते वाक्य नि:शब्द करावे आणि पिशवीवरचे नाव दिसणारा शॉट आखूड करावा, असे सदस्यांचे म्हणणे पडले. आयमायवरच्या काही शिव्याही जाणार होत्या, आणि सुरुवातीला अमली पदार्थविरोधी निवेदन वाढवायचे होते. काट्याची सगळी दृश्ये जशीच्या तशी राहिली.

समितीचा निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समितीकडे जाता येते आणि तिथून, २०२१ मध्ये अपिलीय न्यायाधिकरण बंद झाल्यापासून, थेट उच्च न्यायालयात. अमली पदार्थांवरच्या ‘उडता पंजाब’ या हिंदी चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने १३ जून २०१६ रोजी एकच कट कायम ठेवून चित्रपट मोकळा केला होता, आणि आमच्या दिग्दर्शकाने तो दाखला दोनतीनदा काढलाही. पण आम्हाला सुचवलेल्या बदलांत भांडण्यासारखे मला काही दिसले नाही. प्रमाण ऐकू न आल्याने प्रेक्षकाचे काही अडत नाही. वजन वाढले एवढे त्याला कळले की पुरे. भांडायचे ठरवले असते तरी वकिलांचे शुल्क त्या वहीत कुठे लिहायचे, हा प्रश्न होताच.

खर्च नि:शब्द केलेल्या वाक्याचा आला. एक वाक्य पुसायचे म्हणजे त्याच्याखालचा खोलीचा आवाज पुन्हा भरायचा, पार्श्वसंगीताचा तोल पुन्हा साधायचा, इंग्रजी उपशीर्षकांतून ती ओळ काढायची आणि चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, नव्याने करायची. या प्रत्येक कामाला स्टुडिओचे तास लागतात. शिव्यांच्या जागी काही ठिकाणी नटांना पुन्हा बोलावून सौम्य शब्द डब करून घेतले. त्यातला “अरे मुडद्या” हा आमच्या ज्येष्ठ नटांनी स्वतः सुचवलेला शब्द मूळ शिवीपेक्षा जास्त झोंबतो. बदल तपासून झाल्यावर यूए १६+ प्रमाणपत्र मिळाले, आणि काढलेल्या जागांची नोंद त्याच्या दुसऱ्या भागात आली.

चित्रपट मोजक्या पडद्यांवर लागला, बहुतेक खेळ दुपारचे होते, आणि पहिल्या आठवड्यानंतर तेही कमी झाले. राज्य शासनाच्या अर्थसहाय्य योजनेत ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख मिळतात. तिथे अर्ज केला आहे. एका वाहिनीशी बोलणी चालू आहेत. त्यांना चित्रपट जाहिरातींसकट दोन तासांत बसवून हवा आहे, त्यामुळे संकलक पुन्हा कामाला लागला आहे. निर्मात्यांनी सुचवले आहे की वीस रिकाम्या पाकिटांचे दृश्य काढले तर पुष्कळ वेळ वाचेल, कारण त्यात तसेही कोणी काही बोलत नाही. दिग्दर्शक त्याऐवजी जिन्यातल्या मारामारीकडे बोट दाखवतो, आणि दोघेही आपापला हिशेब सांगायला रात्री मला फोन करतात.